गोळी आणि साखर : विज्ञानकथेतल्या थराराविषयी

दिवाळी अंक वाचून संपले की आमच्या गावच्या ग्रंथालयात त्यांच्यावर चर्चा होते. यंदा तिथे विज्ञानकथेचा विषय निघाला. एक ज्येष्ठ वक्ते तळमळून म्हणाले, "विज्ञानकथेत आता विज्ञान कुठे राहिले? विषाणू चोरीला गेला, शास्त्रज्ञ पळाला, मागे हेर लागले, झाली कादंबरी!" त्यांना उत्तर द्यायला एक तरुण लेखक उठले. ते म्हणाले, "वाचक हवा असेल तर कडू गोळीला साखर लावावीच लागते." टाळ्या दोघांनाही मिळाल्या. मी मात्र अस्वस्थ होऊन घरी आलो. तावातावाने भांडणारे ते दोघे मुळात एकाच समजुतीवर उभे होते आणि ती समजूतच मला चुकीची वाटते. विज्ञान हे औषध, थरार ही साखर. एकाचे म्हणणे साखर फार झाली, दुसऱ्याचे म्हणणे तेवढी लागतेच. औषध आणि साखर या वेगळ्या वस्तू आहेत, याबद्दल दोघांनाही शंका नव्हती.

माझे म्हणणे असे आहे की उत्तम विज्ञान-थरारकादंबरीत या दोन वस्तू वेगळ्या काढताच येत नाहीत. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत जे करतो त्याचाच आकार थरारकथेला असतो. काहीतरी आकलनाबाहेरचे घडते, अंदाज बांधले जातात, एकेक अंदाज खोटा पडत जातो, हाताशी वेळ थोडा असतो आणि चुकीची किंमत मोठी असते. म्हणून एखादी कादंबरी वाचून झाली की मी स्वतःला दोनच प्रश्न विचारतो. यातले संकट विज्ञानातून आले का? आणि ते सुटले कशाने, विचाराने की पिस्तुलाने? दोन्ही उत्तरे विज्ञानाच्या बाजूने पडली, तर त्या कादंबरीत कितीही पाठलाग असोत, ती अस्सल विज्ञानकादंबरी आहे. नाही पडली, तर पानोपानी सूत्रे छापली तरी ती साधी मारधाडीची गोष्टच राहते.

मराठीत हा वाद इतका का चिघळतो, याला कारण आहे. आपल्याकडे विज्ञानकथा वाढली ती विज्ञानप्रसाराच्या मांडीवर. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ची. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला १९७४मध्ये जयंत विष्णू नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून आद्याक्षरे उलटी करून 'नारायण विनायक जगताप' हे टोपणनाव घेतले आणि पहिले बक्षीस मिळवले. ही हकिकत आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. पण त्याच घरात वाढल्यामुळे मराठी विज्ञानकथेला एक जबाबदारी जन्मजात चिकटली: वाचकाला काहीतरी शिकवले पाहिजे. रहस्यकथा मात्र दुसऱ्या आळीत राहिली. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, पिढ्यान्‌पिढ्यांना वाचनाची गोडी लावली आणि समीक्षेने त्यांना उंबऱ्याच्या आत घेतले नाही. अनंत अंतरकरांच्या 'नवल'सारख्या अंकात रहस्य, गूढ आणि विज्ञान एका छपराखाली नांदत होते, वाचक तिन्ही सारख्याच आवडीने वाचत होते. पंगती वेगळ्या मांडल्या त्या वाढप्यांनी.

ही वेगळी पंगत आजची नाही. का. बा. मराठ्यांनी १८७२ साली 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' लिहिला तेव्हा त्यांच्यासमोर 'मुक्तामाले'च्या वळणाच्या अद्भुत कादंबऱ्या होत्या आणि त्यांतल्या असंभाव्यतेला त्यांचा आक्षेप होता. त्या काळापुरता तो आक्षेप योग्यही होता, कारण योगायोगांच्या त्या रांगांत खऱ्या जगण्याला जागाच नव्हती. पण त्यातून एक मोजपट्टी तयार झाली: जे नेहमी घडते ते गंभीर, जे सहसा घडत नाही ते उथळ. दीडशे वर्षांनंतरही ती मोजपट्टी आपण खाली ठेवलेली नाही. अमिताव घोष यांनी २०१६च्या आपल्या पुस्तकात हवामानबदलाच्या संदर्भात नेमके याच दुखण्यावर बोट ठेवले आहे. गंभीर कादंबरीने असंभाव्य गोष्टींना दाराबाहेर काढले आणि आता खऱ्या जगातच असंभाव्य घटना घडू लागल्यावर त्या सांगायला तिच्याकडे भाषा उरली नाही. हेच घोष १९९५मध्ये 'द कलकत्ता क्रोमोसोम' लिहून बसले होते. सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाच्या जंतूचा माग लागला, त्या शोधाभोवती त्यांनी तापाने फणफणलेली एक रहस्यकादंबरी रचली. तिला १९९७चा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला, जो विज्ञानकादंबरीसाठीच दिला जातो. शोध कुणी लावला, कुणाच्या खांद्यावर उभे राहून लावला, श्रेय कुणाचे, हे विज्ञानाच्या इतिहासातले खरे प्रश्न त्या रहस्यातूनच वर येतात. रहस्य काढून टाका, प्रश्नही जातात.

आणि विज्ञानकथेचा जन्म तरी कुठे झाला? मेरी शेलीची 'फ्रँकेनस्टाइन' १८१८ची. ती उघडते उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या जहाजावर, बर्फात एकाचा पाठलाग करत मरणाच्या दारी पोचलेल्या माणसापासून. तो कुणाच्या मागावर आहे आणि का, हे कळायला सारी कादंबरी वाचावी लागते. हर्बर्ट जॉर्ज वेल्सचा अदृश्य माणूस १८९७मध्ये आला तो चेहऱ्याला पट्ट्या गुंडाळून, हिमवर्षावात, एका खेड्यातल्या खाणावळीत. अर्धी कादंबरी गावकरी त्याच्या खोलीबाहेर कान लावून असतात. ज्यूल व्हर्नने कॅप्टन नेमो कोण हे 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज'मध्ये सांगितलेच नाही. पाच-सहा वर्षांनी, 'द मिस्टीरियस आयलंड'मध्ये उलगडले की तो बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार, १८५७च्या उठावात इंग्रजांविरुद्ध लढून सर्वस्व गमावलेला. भा. रा. भागवतांनी मराठी मुलांच्या हाती दिलेला व्हर्न वाचताना आम्हाला कुणी सांगितले नव्हते की यातले पाणबुडीचे विज्ञान हे औषध आणि नेमोचे रहस्य ही साखर. आम्हाला तो माणूस आणि ते यंत्र एकच वाटायचे. बरोबरच वाटायचे. सूड घ्यायला निघालेल्या, जमिनीवर देश न उरलेल्या माणसाला समुद्राखालीच घर हवे. पाणबुडी हे त्याच्या रहस्याचे उत्तर आहे.

विसाव्या शतकात हा वाद एकदा स्पष्ट शब्दांत झाला आणि त्याचे उत्तरही मिळाले. अमेरिकेतले प्रभावी संपादक जॉन कॅम्पबेल यांचे मत होते की विज्ञानकथा आणि रहस्यकथा एकत्र नांदू शकत नाहीत. कारण तर्कशुद्ध होते: अडचण आली की भविष्यातला गुप्तहेर खिशातून नवे यंत्र काढील आणि खुनी शोधून दाखवील, मग वाचकाने डोके कशाला लढवायचे? आयझॅक असिमोव्ह यांनी संपादक होरेस गोल्ड यांच्या आग्रहावरून 'द केव्ह्ज ऑफ स्टील' लिहिली, ती १९५३मध्ये क्रमशः आणि १९५४मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांनी काय केले? भविष्यातल्या जगाचे नियम आधीच वाचकापुढे मांडून ठेवले. यंत्रमानव माणसाला इजा करू शकत नाही. माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोलादी छताखालच्या शहरांत जन्मली आहेत, मोकळ्या आभाळाखाली पाऊल टाकायच्या कल्पनेनेच त्यांना धडकी भरते. आणि मग खून असा घडवला की जो कुणी खुनी असेल त्याने उघडे माळरान ओलांडलेले असले पाहिजे. रहस्याचा दोर त्या समाजाच्या भीतीलाच बांधलेला आहे. खिशातून यंत्र काढायची सोय लेखकाने स्वतःच बंद करून टाकली. कॅम्पबेल यांचा आक्षेप खोटा नव्हता. तो आळशी लेखकांना लागू होता, प्रकाराला नव्हे. आपल्या चर्चेतले वक्ते सत्तर वर्षांपूर्वी निकाली निघालेला खटला पुन्हा चालवत आहेत, तोही त्या वेळच्यापेक्षा कच्च्या पुराव्यावर.

माझे म्हणणे सर्वांत नेमके दाखवते ती मायकल क्रायटनची 'द अँड्रोमेडा स्ट्रेन', १९६९ची. लेखक सव्वीस वर्षांचा, हार्वर्डला वैद्यकीय शिक्षण घेत असलेला. एक उपग्रह अवकाशातून काहीतरी सूक्ष्म घेऊन ॲरिझोनातल्या एका छोट्या गावाजवळ उतरतो आणि गाव मरून पडते; बहुतेकांचे रक्त शिरांतल्या शिरांत गोठलेले. वाचतात दोघेच. एक पोटात अल्सर असलेला म्हातारा, दुखण्यावर ॲस्पिरिन खाणारा आणि नशेसाठी नको ते पिणारा. दुसरे, सतत रडणारे तान्हे बाळ. सबंध कादंबरी एका प्रश्नावर उभी आहे: या दोघांत समान काय? यात खलनायक नाही, हेर नाही, जमिनीखालच्या प्रयोगशाळेत कोंडून घेतलेले चार-पाच शास्त्रज्ञ आहेत. त्यांच्याबरोबर आपणही चुकत जातो. वय? नाही. आहार? नाही. मग उलगडते. ॲस्पिरिनने म्हाताऱ्याचे रक्त आम्लाकडे झुकले होते. बाळ रडून रडून धापा टाकत होते, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड बाहेर पडून त्याचे रक्त अल्कलीकडे गेले होते. माणसाच्या रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, साधारण ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात असतो आणि तो जंतू त्याहूनही अरुंद पट्ट्यात तगतो. दोघांत समान काय, हा प्रश्नच फसवा होता. ते दोघे विरुद्ध दिशांनी बिघडलेले होते आणि बिघडलेले असणे एवढेच समान होते. हे कळते त्या क्षणी अंगावर येणारा काटा आणि रक्ताच्या आम्लतेचे ज्ञान यांत साखर कोणती आणि गोळी कोणती, हे कुणी मला वेगळे करून दाखवावे.

त्याच कादंबरीत एक अगदी क्षुल्लक गोष्ट आहे. तातडीचा संदेश आला की वाजणारी टेलिप्रिंटरची घंटा वाजत नाही, कारण कागदाचा एक बारीक कपटा टोला आणि घंटा यांच्यामध्ये अडकला आहे. जगातल्या सर्वांत सुरक्षित प्रयोगशाळेला कागदाच्या कपट्याने बहिरे केले. ज्यांनी कधी प्रयोगशाळेत काम केले आहे त्यांना हे वाचून हसू येणार नाही, घाम फुटेल. शेवटी उरलेला धोकाही जंतूचा नाहीच. जंतू बाहेर निसटू नये म्हणून बसवलेला अणुबाँबच आता सर्वांत घातक ठरतो, कारण हा जंतू ऊर्जेवर पोसतो आणि स्फोट म्हणजे त्याला मेजवानी. जंतू मात्र स्वतःच बदलून निरुपद्रवी होतो. हा शेवट अनेकांना फुसका वाटतो. मला तो या कादंबरीतला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. निसर्ग आपल्या गोष्टीसाठी थांबत नाही. कादंबरी आली त्याच वर्षी जुलैत अपोलो ११चे अंतराळवीर चंद्रावरून परतले आणि २१ दिवसांच्या विलगीकरणात ठेवले गेले; म्हणजे ही भीती केवळ कादंबरीकाराच्या मनातली नव्हती.

आता विरुद्ध बाजूचे खरे बळ कुठे आहे ते पाहू, कारण चर्चेत ते कुणी मांडलेच नाही. पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा: थरारकथेला शत्रू लागतो. विज्ञानातल्या मोठ्या संकटांना बहुधा चेहरा नसतो. वातावरणातला कार्बन डायऑक्साइड, प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू, आटत चाललेला भूजलसाठा, यांत खलनायक कुठे शोधायचा? मग लेखक तो बनवतो, कट रचतो आणि वाचकाच्या मनात कटाची सवय रुजते. याचे उदाहरण दुर्दैवाने त्याच क्रायटनने दिले. २००४च्या 'स्टेट ऑफ फिअर'मध्ये त्याने हवामानबदलाचा इशारा देणाऱ्यांनाच कारस्थानी ठरवले, पानोपानी आलेख आणि तळटीपा जोडल्या, आणि पुढच्या वर्षी, सप्टेंबर २००५मध्ये, अमेरिकन सिनेटच्या पर्यावरणविषयक समितीने या कादंबरीकाराला साक्षीला बोलावले. कादंबरीची तळटीप कायदेमंडळात पुरावा म्हणून मिरवू लागली. हे भयंकर होते, त्याला दुसरा शब्द नाही. महासाथीच्या दिवसांत आपल्या प्रत्येकाच्या फोनवर काय काय फिरत होते ते आठवा. कटाच्या गोष्टी ऐकायला चटावलेले मन खऱ्या लशीवर अविश्वास ठेवते. ज्येष्ठ वक्त्यांची तळमळ मला इथे पूर्ण पटते.

पण हा दोष थराराचा आहे की थरार कुठून आणला याचा? 'स्टेट ऑफ फिअर' माझ्या दोन प्रश्नांच्या कसोटीवर पहिल्याच प्रश्नाला नापास होते. तिथले संकट विज्ञानातून आलेले नाही, बंदुकधाऱ्यांकडून आलेले आहे. 'अँड्रोमेडा'च्याच लेखणीने ती लिहिली, म्हणून तर हे उदाहरण बोलके आहे: लेखक तोच, प्रकार तोच, वेग तोच, एका ठिकाणी विज्ञान कोडे घालते, दुसऱ्या ठिकाणी विज्ञानाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. आणि शत्रूशिवाय थरार उभा राहत नाही, हे तर साफ खोटे आहे. अँडी वीअरची 'द मार्शियन' घ्या. मंगळावर एकटा राहिलेला माणूस, बटाटे, पाणी, उष्मांकांचा हिशेब. शत्रू कोण? अंतर आणि गणित. सुरुवातीचे वादळ मात्र खोटे आहे, कारण मंगळाची हवा पृथ्वीच्या हवेच्या जेमतेम एक टक्का दाट. तिथला वारा यान आडवे करू शकत नाही. वीअरने ही सूट जाणूनबुजून घेतल्याचे स्वतःच सांगितले आहे. त्यानंतरच्या प्रत्येक संकटाला त्याने आकडेमोडीतून वाट काढायला लावली.

दुसरा आक्षेप चुकीच्या विज्ञानाचा. वेगाच्या भरात वाचक शंका घेत नाही आणि खोटे विज्ञान खऱ्यासारखे मनात बसते. 'जुरासिक पार्क' १९९०मध्ये आली आणि राळेच्या खड्यात अडकलेल्या डासाच्या पोटातून डायनोसॉरचा डीएनए मिळू शकतो, अशी जगाची समजूत झाली. न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्यांच्या हाडांचा अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. त्या हाडांतल्या डीएनएचे अर्धायुष्य, म्हणजे उरलेल्यातला निम्मा नष्ट व्हायला लागणारा काळ, सुमारे ५२१ वर्षे निघाले. डायनोसॉर संपले त्याला ६ कोटी ६० लाख वर्षे झाली. हिशेब सांगायची गरज नाही. आक्षेप मान्य.

तरीही मी त्या कादंबरीची बाजू घेतो, आणि घेतो ती एका प्रसंगासाठी. उद्यानातले संगणक दर थोड्या वेळाने प्राण्यांची मोजदाद करतात आणि आकडा नेहमी बरोबर येतो. प्राणी पैदास करू शकत नाहीत, सगळ्या माद्या आहेत, म्हणून संख्या वाढणे शक्यच नाही. काळजी एवढीच की एखादा मरेल किंवा निसटेल. म्हणून मोजणी अशी बांधली आहे की ठरलेला आकडा भरला की यंत्र थांबते. मग कुणीतरी सांगतो, जरा जास्त आकडा शोधायला सांगा. यंत्र मोजत जाते आणि आकडा वाढत जातो, वाढत जातो. सबंध कादंबरीत याहून भीतिदायक पान नाही. दात नाहीत, रक्त नाही, पडद्यावर फक्त एक संख्या. निरीक्षकाला जे अपेक्षित तेवढेच त्याचे उपकरण मोजते, हा विज्ञानाच्या पद्धतीतला अत्यंत खोल धडा इतक्या कमी जागेत मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलेला नाही. डीएनएची माहिती चुकीची होती, पण चुकीची माहिती एका ओळीत दुरुस्त करता येते. शंका कशी घ्यायची ही सवय एकदा लागली की ती आयुष्यभर राहते. साथीच्या रोगाचे आकडे असोत की परीक्षेचे निकाल, 'हे मोजताना कुठे थांबले?' असा प्रश्न मला त्या पानाने शिकवला.

तिसरा आक्षेप वेगाचा: पाने उलटण्याच्या घाईत विस्मय हरवतो, पात्रे कागदी होतात. यात तथ्य आहे आणि प्रत्येक विज्ञानकादंबरीने थरारक असावे असे मी म्हणतही नाही. पण ज्या 'सोलारिस'चा दाखला संथ, चिंतनशील विज्ञानकथेसाठी नेहमी दिला जातो, तिची पहिली प्रकरणे पुन्हा वाचा. स्तानिस्वाव लेमचा नायक दूरच्या ग्रहावरच्या स्थानकात उतरतो. तिथला एक शास्त्रज्ञ मेलेला, दुसरा भेदरलेला, तिसऱ्याने दार आतून लावून घेतलेले. मग अशा कुणाच्या तरी चाहुली लागतात की जे तिथे असणे शक्यच नाही. ही तर बंद वाड्याची रहस्यकथा झाली. लेम शेवटी उत्तर देत नाही, आणि त्याचे न देणे आपल्याला झोंबते कारण त्याने आधी उत्तराची भूक लावलेली असते. ल्यू त्सिशिन यांच्या 'द थ्री बॉडी प्रॉब्लेम'मध्येही वर्तमानातल्या कथेची सुरुवात पोलीस तपासाचीच: भौतिकशास्त्रज्ञ एकामागून एक आत्महत्या का करत आहेत? उत्तर असे की त्यांच्या प्रयोगांचे निष्कर्षच कुणीतरी विस्कटून टाकले आहेत, निसर्गाला नियम आहेत हा विश्वासच हिरावून घेतला आहे. मूलभूत विज्ञान थांबवणे हा गुन्हा, आणि बळी अख्खी मानवजात. हा गुन्हा शास्त्रीय निबंधात मांडता आला असता? मांडला असता तर कुणाच्या छातीत धस्स झाले असते?

काही वेळा तर ही देवाणघेवाण उलटीही होते. जॉन ब्रनरने १९७५मध्ये 'द शॉकवेव्ह रायडर' लिहिली, सरकारच्या तावडीतून निसटून ओळखी बदलत पळणाऱ्या संगणकतज्ज्ञाची गोष्ट. संगणकांच्या जाळ्यात सोडलेली, आपोआप पसरणारी आज्ञावली, तिला त्याने 'टेपवर्म' म्हटले. पुढे झेरॉक्सच्या संशोधकांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या आपल्या प्रायोगिक आज्ञावल्यांना नाव शोधले तेव्हा याच कादंबरीतून 'वर्म' उचलले. १९८२च्या त्यांच्या लेखात तशी नोंद आहे. पाठलागाच्या कादंबरीने संगणकशास्त्राला शब्द दिला आणि तो आजही वापरात आहे.

आता आपल्या अंगणाकडे. मराठी विज्ञानकथेत एक पात्र फार वर्षे वावरते आहे: "म्हणजे काय हो काका?" असे विचारणारा पुतण्या. काका शास्त्रज्ञ. पुतण्या विचारतो, काका दीड पान समजावतात, गोष्ट थांबून राहते. हे पात्र प्रसाराच्या जबाबदारीतून जन्मले, त्याच्यामागचा हेतू चांगला होता, पण त्याने वाचकाला श्रोता करून टाकले. थरारकथेत काका नसतो. तिथे वाचकालाच शोधावे लागते, चुकावे लागते. आणि आपल्या सर्वांत मोठ्या विज्ञानलेखकाला हे चांगले ठाऊक होते. नारळीकरांच्या 'वामन परत न आला'मध्ये जमिनीखाली पुरून ठेवलेली एका लुप्त संस्कृतीची पेटी सापडते, तिच्यातल्या माहितीवरून वामन नावाचा यंत्रमानव घडतो, आणि एक प्रश्न वाचकाच्या मानगुटीवर बसतो: एवढ्या पुढारलेल्या त्या लोकांचे झाले काय? आपल्यासारखेच आणखी वामन घडवू पाहणारा तो यंत्रमानव आणि बळीकडे तीन पावले जमीन मागणारा पुराणातला बटू, ही सांगड मराठी वाचकाला कुणी समजावून द्यावी लागत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आज जो तो बोलतो आहे. तिच्या मुळाशी असलेली भीती आपल्या भाषेत १९८०च्या दशकातच रहस्यकथेच्या रूपात लिहिली गेली होती. त्या वाटेने नंतर फार थोडे गेले. विज्ञानकथा आपल्याकडे मुख्यतः दिवाळी अंकाच्या आठ-दहा पानांत राहिली. कादंबरीचा पल्ला गाठायला जी गुंफण लागते ती रहस्यकथाकारांच्या हातात होती आणि त्यांच्याशी आपण बोलणे टाकले होते.

विषय नाहीत म्हणावे, तर एक सांगतो. १९५७च्या मार्चमध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली. पाठोपाठ जंगलात जाणारी माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे पथक तिकडे धावले. ते केंद्र १९५२मध्ये स्थापन झालेले, आजची राष्ट्रीय विषाणू संस्था. पहिला संशय अंगाचा थरकाप उडवणारा होता: पीतज्वर. दक्षिण अमेरिकेत तो येण्याआधी जंगलातली माकडे मरतात, आणि भारतात तो कधीच आलेला नव्हता. तपासाअंती विषाणू निघाला निराळाच, रशियातल्या मेंदूज्वराच्या विषाणूशी नाते सांगणारा आणि गोचिडींतून पसरणारा. रशियातला भाऊबंद कर्नाटकाच्या जंगलात कसा? सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांवर संशय गेला. सालिम अलींच्या नेतृत्वाखाली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवली. त्या कामात पुढे अमेरिकी लष्कराचा पैसा आल्याचे निघाले, आणि १९७०च्या दशकात जैविक युद्धाच्या शंकेने संसदेच्या लोकलेखा समितीने चौकशी केली. पक्ष्यांवरचा आरोप सिद्ध झाला नाही. जंगलतोड, जंगलाच्या कडेला चरायला जाणारी गुरे, त्यांच्या अंगावर पोसल्या जाणाऱ्या गोचिडी, असा माग लागत गेला. हाच रोग गेल्या दशकात गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला. काजूच्या बागांत राबणाऱ्यांना तो गाठू लागला. तिकडे त्याला माकडताप म्हणतात.

ही गोष्ट दोन तऱ्हांनी लिहिता येईल. एकीत परकी हेर, पक्ष्यांचे पाय आणि संसदेतली खळबळ एवढ्यावर कादंबरी संपेल. ती खपेलही, आणि ज्येष्ठ वक्त्यांचा संताप योग्य ठरवील. दुसरीत हेरांचा संशय हा अनेक अंदाजांपैकी एक अंदाज असेल, तो तपासला जाईल, टाकला जाईल, आणि कथा गुरांच्या मागोमाग जंगलाच्या कडेपर्यंत जाईल, जिथे आरोपी म्हणून कुऱ्हाड हातात घेतलेली आपलीच माणसे उभी असतील. ती वाचून दोडामार्गातला बागायतदार बागेतल्या मेलेल्या माकडाला हात लावण्यापूर्वी थांबेल.

आणि तिच्या शेवटी लेखकाला एक प्रश्न फुकट मिळेल, क्यासनूरच्या पथकाला पहिल्याच दिवशी पडलेला. पीतज्वर पसरवणारा डास आशियात आहे, ऊन आहे, गर्दी आहे, माकडे आहेत. तरी तो ताप इथे आजवर रुजला का नाही? अंदाज पुष्कळ आहेत, सर्वांना पटलेले उत्तर अजून नाही. म्हणून तर आफ्रिकेतल्या पीतज्वराच्या देशांतून परतणाऱ्या प्रवाशाला मुंबईच्या विमानतळावर लशीचा दाखला दाखवावा लागतो.